पुसला म्हणता तो प्रश्न

तुम्ही खोटं बोललात. शंकाकट्ट्याचं संचालक मंडळ म्हणून तुम्ही एका मुलीला कळवलंत, "आपला मजकूर काढून टाकला आहे." तो तिथेच होता. मुलांनो, तुम्हीही ऐका, उद्या तिच्या जागी तुमचं नाव असू शकतं.

अबोली खरात चंद्रावरच्या वसाहतीत सहावीत शिकते. तिची आई सांडपाण्याचं पिण्याचं पाणी करणाऱ्या केंद्रात इंजिनिअर आहे. पृथ्वीवर दुसरीत असताना अबोलीने शंकाकट्ट्यावर (मुलांनी विज्ञानाचे प्रश्न विचारायची जागा) स्वतःच्या नावाने विचारलं होतं, "मी अजून अंथरूण ओलं करते. झोपेत मेंदूला कळत कसं नाही?" धीट प्रश्न होता. उत्तरंही चांगली आली. मूत्राशय (लघवी साठवणारी पिशवी) भरल्याचा निरोप काही मुलांच्या झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचायला उशीर लागतो. त्यात मुलांचा दोष नसतो. वय वाढलं तसं तिचं थांबलंही.

मग नव्या वर्गातल्या ओजसला ते पान सापडलं.

"हिच्या आईला नोकरी का मिळाली, माहितीय?" तो डबा खाता खाता म्हणाला. "कच्चा माल घरचाच."

सगळे हसले. अबोलीने कट्टा सोडला, माझं सगळं काढा म्हणून लिहिलं. तुमचं ते गोड उत्तर आलं. आणि दुसऱ्या दिवशी ओजसने तोच प्रश्न वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हापासून ती शाळेत जायला तयार नाही.

"पुसलंच नाही त्यांनी," ती घरातल्या यंत्रमानवाला म्हणाली. चालताना त्याचा गुडघा वाजतो, म्हणून त्याचं नाव खुटखुट.

"पुसलं. तुझं पान रिकामं आहे."

"मग ओजसने काय स्वप्नात वाचलं?"

"उत्तरांमध्ये वाचलं." खुटखुटने पडदा तिच्याकडे वळवला. प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर तिचा प्रश्न होता, नावासकट.

"हे कुणी केलं?"

"नियमाने. शाळेत तुम्ही आधी प्रश्न उतरवता, मग खाली उत्तर लिहिता ना? मंडळाने कट्ट्यावर तेच सक्तीचं केलं. प्रश्न न उतरवता लिहिलेलं उत्तर परत यायचं."

अबोलीने एकेक उत्तर उघडून पाहिलं.

"समज, तू फळ्यावर काही लिहिलंस," खुटखुट म्हणाला. "वर्गाने ते वह्यांत उतरवलं. मग बाईंनी फळा पुसला. काय पुसलं गेलं?"

"फक्त फळा."

"आणि वहीत नुसतं 'प्रश्न फळ्यावर पाहा' एवढंच लिहिलं असतं तर?"

"तर फळा पुसल्यावर..." ती थांबली. "सगळ्यांना रिकामा फळाच दिसला असता."

"याला दुवा म्हणतात (मूळ मजकूर कुठे आहे ते दाखवणारी खूण). मजकूर एकाच जागी, बाकी सगळीकडे त्याच्याकडे दाखवलेलं बोट. तो पुसला की सगळीकडून जातो."

"आणि उत्तरं? तीही जातील?"

"ती तुझी नाहीत. ज्यांनी लिहिली त्यांची आहेत."

"जायला नकोच आहेत मला. आज सकाळी कुणीतरी ओल्या गादीवर उठलं असेल, त्याला लागतील. माझं नाव तेवढं काढ."

"चहाला उकळी यायच्या आत प्रतींच्या जागी दुवे लावतो. पण कट्ट्यात बदल करायला कुलूप आहे, आणि किल्ली मंडळाकडे."

तिने तुम्हाला पुन्हा लिहिलं. तुम्ही कळवलंत, "पूर्वीच काढलेल्या मजकुराबाबत पुन्हा कार्यवाही करता येत नाही."

लाज वाटत नाही? ज्या वसाहतीत सांडपाणी गाळून पुन्हा पिण्याजोगं करतात, तिथल्या पोरीचं एक नाव तुम्हाला पुसता येत नाही. तिने घरी बसून मुलांसाठी नवा कट्टा बांधायला घेतलाय, आणि त्यात पहिल्या दिवसापासून दुवेच आहेत. पुढचे कट्टे असेच होतील, तुम्ही असा किंवा नसा.

पण कधीतरी तिला शाळेत जावंच लागणार, त्याच ओजसच्या समोर बसावं लागणार. कुलूप उघडताय की नाही? उत्तर द्या. आणि या वेळी वर प्रश्न उतरवू नका.