साडेसहाला कोण बघतं?

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या जिन्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उभा होता, आणि पुढे कुठे जायचं हे त्याला कळत नव्हतं.

कळणार तरी कसं? त्या जिन्याला पुढे काही नव्हतंच. तेरा पायऱ्या, चकचकीत कठडा आणि वर प्लायवूडची भिंत. आमच्या मालिकेतलं घर हे असंच आहे. समोरून बघाल तर दुमजली बंगला, वर चढाल तर कपाळमोक्ष.

"वर काही नाहीये!" मी खालून ओरडले.

त्यानं वाकून पाहिलं. काखेत फाइल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "पण थोरली सून तर रोज वर जाते..."

"अकरा वर्षं जातेय. तुम्ही उभे आहात ना, तिथंच उभी राहते, कोणीतरी 'कट' म्हणेपर्यंत. पोटऱ्या भरून येतात बिचारीच्या."

"मग तिची वरची खोली?"

"ती खाली. तुमच्या डाव्या हाताला, कपड्यांच्या ट्रंकांशेजारी."

तो हसला. अगदी मनापासून, एखाद्याला जादूतली चलाखी कळल्यावर तो हसेल तसा. मलाही उगाचच बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तो दिसायला बरा होता. वाहिनीकडून आलोय, निर्मात्यांना भेटायचंय, म्हणाला. मी त्याला ताईंच्या खोलीत घेऊन गेले. ताई म्हणजे आमच्या निर्मात्या. आणि मी संवादलेखिका. थोरली ढसाढसा रडत जे बोलते, ते सगळं आधी मी बिस्किट खात टाइप केलेलं असतं.

खोलीत शिरल्यावर त्यानं फाइल उघडली आणि माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

"सोमवारपासून तुमची मालिका आठऐवजी साडेसहाला लागेल. आठला लहान मुलांची गाण्याची स्पर्धा येतेय. साडेसहाला तुमचं रेटिंग सहा आठवड्यांत दीडवर आलं नाही, तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती.

ताईंच्या हातातला चहा हातातच राहिला.

"साडेसहाला कोण बघतं?" मी म्हणाले. खरं म्हणजे मला कोणी विचारलं नव्हतं. "साडेसहाला माणसं बसमध्ये असतात, नाहीतर दारात उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधत असतात!"

"तुमचा प्रेक्षक तेव्हा घरी असतो," तो शांतपणे म्हणाला. "पन्नाशीपुढच्या बायका. साडेसहाला त्यांच्या घरचे टीव्ही चालू असतात. तसं अहवालात आहे."

"कोणी लिहिलाय हा दिव्य अहवाल?"

त्यानं बोटानं चष्मा वर ढकलला.

"...मी."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी न बोलायचं ठरवलं. हे ठरवणं बरोबर पहिल्या गुरुवारपर्यंत टिकलं.

रेटिंग गुरुवारी येतं. काही निवडक घरांतल्या टीव्हीला एक छोटं यंत्र लावलेलं असतं. ती घरं काय बघतात त्यावरून साऱ्या जगानं काय बघितलं ते ठरतं. आकडा फोनवर कळवता येतो. पण हा माणूस स्वतः यायचा. कागद पुढे करायचा आणि म्हणायचा, "एक पॉइंट एक." सेटवर त्याचं नाव लगेच पडलं — पॉइंटसाहेब.

"वाईट बातमी द्यायला इतक्या लांब कशाला येता?" मी विचारलं.

"वाईट बातमी समोर येऊन द्यावी. फोनवर दिली तर... समोरच्याला भांडायला कोणी मिळत नाही."

आता अशा माणसाशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या गुरुवारी अंगणातल्या पावसाचं शूटिंग होतं. वर भोकं पाडलेला पाइप, मागे पाण्याचा टँकर. पॉइंटसाहेब कागद वाचत वाचत सरळ त्या पाइपखाली आले आणि त्याच क्षणी कोणीतरी कॉक उघडला. बाहेर लख्ख ऊन, आणि हा तेवढा चिंब! केस कपाळाला चिकटलेले, चष्म्यावरून ओघळणारे थेंब... मी धावत टॉवेल घेऊन गेले. टॉवेल देताना त्याची थंडगार बोटं माझ्या हाताला लागली आणि आम्ही दोघंही उगाच पाइपकडे बघायला लागलो.

"आकडा काय आला?" मी विचारलं.

त्यानं कागद उलगडला. शाई पसरून नुसता निळा डाग उरला होता. "वाहून गेला," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तसा तो वाहून जाण्याच्याच लायकीचा होता. एक."

मला हसू आलं आणि त्या पाठोपाठ रडूही. मी बावीस वर्षांची असताना इथं तीन महिन्यांसाठी आले होते. सात वर्षं झाली. दुसरं काही मी लिहिलेलं नाही. थोरली माझी कोणी लागत नाही, पण ती काय बोलेल हे मला झोपेतही ठाऊक असतं. मालिका बंद झाली तर मी कोण? हे सगळं मी त्याच्यासमोर, त्या खोट्या पावसाच्या कडेला उभी राहून बोलून टाकलं. तो टॉवेल गळ्यात घालून ऐकत राहिला. मधे एकदाही "होईल सगळं नीट" म्हणाला नाही. मला ते फार आवडलं.

तिसऱ्या आठवड्यात मी मालिकेत एक नवा माणूस आणला. बंगल्याच्या जागेची मोजणी करायला आलेला मोजणीवाला. जरा बावळट, जरा हट्टी. वाईट बातमी समोर येऊन देणारा. आठ वर्षं एकटी असलेली थोरली त्याला आधी हाकलते, मग चहा विचारते. मी मुद्दाम केलं नाही हो... लिहायला बसले की त्याचे संवाद आपोआप उतरायचे, एवढंच.

गुरुवारी पॉइंटसाहेब मिनिटामिनिटाचा आलेख घेऊन आले.

"हे बघा. सहा त्रेचाळीस. रेघ वर जाते."

"काय आहे सहा त्रेचाळीसला?"

"तो मोजणीवाला येतो." त्यानं कपाळाला आठी घातली. "लोकांना तो आवडतोय. का, ते मला कळत नाही. मला तर जरा मठ्ठ वाटला."

"मला आवडतो," मी म्हणाले.

"हो? काय आवडतं त्याच्यात?"

"सांगितलं तर शेफारेल."

"तो? तो तर कागदावरचा माणूस आहे."

"तेच तर," मी म्हणाले आणि घाईघाईनं चहा आणायला गेले. कान तापले होते माझे.

एक पॉइंट दोन. मग चौथ्या गुरुवारी एक पॉइंट तीन. सेटवर जरा धुगधुगी आली. थोरलीचं काम करणारी आमची नटी पोटऱ्यांना तेल लावत म्हणाली, "अजून अकरा वर्षं चढेन गं मी हा जिना!" पण त्या गुरुवारी पॉइंटसाहेबांचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"माझी चूक झालीय," तो म्हणाला. "मोठी."

"म्हणजे?"

"आई तुमची मालिका पहिल्यापासून बघते. काल सहज विचारलं, मोजणीवाला कसा वाटतो? तर म्हणाली, कोण मोजणीवाला? साडेसहाला ती घरी नसतेच. बागेत जाते. नऊजणी आहेत त्या. फिरायला म्हणून निघतात आणि बाकावर बसतात. मालिका आठला होती तेव्हापासूनची सवय, आदल्या रात्रीच्या तुमच्या भागावर बोलायची."

"मग ते चालू असलेले टीव्ही?" मी विचारलं.

"टीव्ही चालू असतो, हे खरंय. पण समोर नातवंडं असतात, कार्टून बघत. यंत्राला टीव्ही चालू आहे एवढंच कळतं. त्याच्यापुढे कोण बसलंय ते मला कळायला हवं होतं. माझीच आई मला अहवालात दिसली नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकं सरळ कबूल करणारा माणूस मी मालिकेतसुद्धा लिहिला नव्हता.

त्यानं नुसतं कबूल केलं नाही. नवा अहवाल लिहून वाहिनीला दिला — "चूक मालिकेची नाही, वेळेची आहे. वेळ मी चुकीची सुचवली." त्याच्या वरिष्ठांनी तो वाचला, म्हणाले, आठची वेळ आता गेली ती गेली, आणि याची रवानगी केली सकाळच्या बागकामाच्या कार्यक्रमाच्या आकड्यांवर. हे मला ताईंकडून कळलं. तो स्वतः एका शब्दानं बोलला नाही.

पाचव्या गुरुवारी तो नेहमीसारखा आला. "एक पॉइंट चार."

"आमचे आकडे आता तुमच्याकडे नसतात ना?"

"नसतात."

"मग आणता कुठून?"

"मागून घेतो." चष्मा वर गेला. "शेवंतीला खत कधी घालावं हेही सांगू शकतो आता. विचारा हवं तर."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण अहवाल दिला नसता तर त्याहून जास्त वाटलं असतं." मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "एक चांगली बातमी आहे. नऊजणींनी बाग सोडली! रोज साडेसहाला आमच्याकडे जमतात आणि तुमची मालिका बघतात."

"मग आकडा वाढेल!"

"नाही वाढणार." त्याचा आवाज खाली आला. "आमच्या घरात ते यंत्र नाहीये."

सहाव्या गुरुवारी तो जिन्यापाशी उभा होता. हातात कागद नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला कळलं.

"किती?"

"एक पॉइंट चार."

पॉइंट एकनं हुकलं. हात लांबवावा आणि बोटं जेमतेम न टेकावीत, तसं. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून पोटभर रडले. तो शेजारी बसला. मग म्हणाला, "शेवट करायला दोन आठवडे दिलेत. चांगला लिहा."

लिहिला. सात वर्षं शेवट लांबवायची सवय लागलेला माझा हात आधी वळेचना, पण लिहिला. आणि शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "आई म्हणतेय, शेवटचा भाग लिहिणारीनं आमच्याकडे येऊन बघायचा. मी पण... म्हणजे मलाही तसंच वाटतं."

त्याच्या घरी पोचले तेव्हा सोफ्यावर चारजणी, खुर्च्यांवर तिघी आणि जमिनीवर उशा घेऊन दोघी. त्याच्या आईनं मला हाताला धरून बसवलं आणि नखशिखांत न्याहाळलं. "इतकीशी आहेस? अगं, मला वाटलं थोरलीला एवढं रडवणारी कोणी चांगली खाष्ट बाई असेल!"

भाग सुरू झाला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा. मी टीव्हीकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. पडद्यावर मोजणी संपली होती, मोजणीवाला फीत गुंडाळत होता. थोरलीनं त्याला अडवलं. "जायच्या आधी काही सांगायचंय का तुम्हाला?" त्यानं मान वर केली, तोंड उघडलं —

आणि जाहिराती लागल्या.

"अगं बाई!" नऊजणी एकदम कळवळल्या.

"काय म्हणतो गं तो?" त्याची आई माझ्याकडे वळली. "तूच लिहिलंयस ना? सांग लवकर!"

"मी नाही सांगणार. थांबा दोन मिनिटं."

"मग तू सांग रे," आईनं मोर्चा मुलाकडे वळवला. "तो मेला हुबेहूब तुझ्यासारखा बोलतो. इथं बघायला लागलो तेव्हापासून जाणवतंय मला. तसाच बावळट. काय म्हणेल तो आता?"

त्याचा हात चष्म्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे इतके आठवडे जे आलेखात दिसलं नव्हतं, ते त्याला आत्ता दिसलं होतं. मी मान खाली घालायला हवी होती, पण मला ते जमेना.

"तो म्हणेल..." नऊ चेहरे त्याच्याकडे वळले. "तो म्हणेल, आठवड्यात गुरुवार एकच असतो. मला तो पुरत नाही."

"गुरुवार?" उशीवरची एक बाई म्हणाली. "मालिकेत गुरुवार कुठून आला?"

"गप्प बस गं," त्याची आई हळूच म्हणाली. "तो मालिकेबद्दल बोलत नाहीये."

टीव्हीवर साबणाची जाहिरात आनंदानं गात होती.

मग जाहिराती संपल्या. मोजणीवाल्यानं माझं वाक्य म्हटलं. चांगलं लांबलचक, चंद्र, वाट आणि जन्मभराची सोबत असलेलं. चार दिवस घासूनपुसून लिहिलं होतं मी ते. थोरली हसली, कॅमेरा मागे मागे गेला, आणि अकरा वर्षांची मालिका संपली.

नऊजणींनी डोळे पुसले. मग त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई रुमाल खोचत स्पष्ट म्हणाली, "शेवट गोड झाला. पण मघाचंच बरं होतं."

सगळ्याजणी खो खो हसायला लागल्या. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी. मालिका संपल्याचं दुःख होतंच, ते कुठे जाणार? पण मी उठले, दारापाशी गेले आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"सोमवारी सकाळपासून मला काम नाही," मी म्हणाले. "मंगळवारी नाही, बुधवारी नाही. थोरलीनं सात वर्षं एकही वार माझ्यासाठी ठेवला नव्हता. आता सगळेच मोकळे आहेत." आणि मग, एवढ्या बायकांसमोर लाज गुंडाळून, "तुम्हाला किती हवेत?"