चेंबरमधलं जिवंत काडतूस

नेमबाजी क्लबच्या बंदुका सांभाळणाऱ्या कोठीवाल्याची बायको आली तेव्हा वहिनी चहा गाळत होत्या.

"यांनी रिकामी म्हणून दिलेली रायफल अध्यक्षांच्या हातात उडाली नि नेमबाजी शिकवणारे उस्ताद गेले," ती म्हणाली. "यांना कोठडीत टाकलंय. यांची नि उस्तादांची तीस वर्षांची दोस्ती होती हो."

खासगी तपास हा वहिनींचा धंदा. टिपणं घ्यायची ती त्यांच्या धाकट्या दिरानं, म्हणजे भावोजींनी. अक्कल पाजळू नये, एवढी एकच अट होती आणि भावोजी ती रोज मोडत.

कोठडीत कोठीवाला गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"रायफल देताना बोल्ट मागे ओढायचा, नळीच्या तोंडाशी काडतूस बसतं ते चेंबर रिकामं दिसलं की मगच द्यायची. पाच काडतुसं भरलेलं मॅगझीन वेगळं द्यायचं. त्या दिवशीही तसंच दिलं असणार. पण सगळे म्हणतात चेंबर बघितलं नाहीस, आणि आता मलाही आठवेना. माझ्याच हातानं गेला का तो?"

त्यानं मान वर केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे भावोजींना बघवेना.

अध्यक्षांच्या खोलीत भिंतीवर अध्यक्षांचेच सात फोटो होते. हारतुरे सगळ्यांत, रायफल एकातही नाही. दहा वर्षं खुर्ची उबवणं हाच त्यांचा खेळ, असं भावोजींना वाटलं.

"मैदानावर उस्ताद आणि मी, दोघंच होतो. मॅगझीन टेबलावर होतं, मी ते लावलंच नव्हतं," अध्यक्ष म्हणाले. "सहज चाप ओढला. तो म्हातारा कोठीवाला चेंबरात काडतूस विसरला होता. फौजदार येईपर्यंत मी रायफलीला कुणाला हात लावू दिला नाही."

"उस्तादांनी तुम्हाला सुरक्षेच्या परीक्षेत नापास केलं होतं म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"तीनदा. तेही पोरासोरांसमोर, हसून." अध्यक्षांचे कान लाल झाले.

फौजदार मिशीला पीळ देत म्हणाले, "रायफल घेतली नि आधी बोल्ट ओढला. चेंबरातून जिवंत काडतूस पडलं. टेबलावरच्या मॅगझीनमध्ये तीन होती. पंचनामा चोख आहे."

"म्हणजे कोठीवाला दोन काडतुसं विसरला," भावोजी म्हणाले.

"चेंबरात एकच मावतं, भावोजी. तुम्ही आपलं लिहा."

संध्याकाळी वहिनींनी कोठीवाल्यासकट सगळ्यांना अध्यक्षांच्या खोलीत बसवलं.

"ही रायफल गोळी उडाली की रिकामं टरफल स्वतःच फेकते आणि पुढचं काडतूस मॅगझीनमधून स्वतःच चेंबरात ओढते. मॅगझीन लावलेलं नसेल, तर एका गोळीनंतर चेंबर रिकामं राहणार. फौजदारांना तिथे जिवंत काडतूस मिळालं. म्हणजे गोळी झाडताना मॅगझीन लावलेलं होतं, आणि ते नंतर काढून टेबलावर ठेवलं गेलं. रायफल तर तुम्ही कुणाला शिवूही दिली नाहीत, अध्यक्ष."

"पण मॅगझीन काढलं की ती रिकामीच होते ना?" अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं.

"याच प्रश्नाला तुम्ही तीनदा नापास झालात. माणूस मारलात, तोसुद्धा अर्धवट अभ्यासावर."

फौजदारांनी मिशीवरचा हात काढला आणि अध्यक्षांचं मनगट धरलं. कोठीवाल्याला कुणी अडवलं नाही, तरी तो उठला नाही.

"पण बाई, चेंबरात माझंही एक राहिलं असेल तर?"

वहिनी त्याच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला.

"मॅगझीनमध्ये तीन, चेंबरात एक, झाडलेलं एक. तुम्ही दिलेली पाच पुरी झाली. सहावं नव्हतंच. तुम्ही चेंबर बघितलं होतं, काका."

मग कोठीवाला दोस्तासाठी रडला. दोन दिवसांत त्यानं स्वतःला तेवढाही हक्क दिला नव्हता.