वेलापोरची भिंत

मी भुतंखेतं मानत नाही. हसू नको प्रज्ञेश, विहारातल्या कुणालाही विचार. पण हिलाल पेंटर खोटं बोलणारा माणूस नव्हता. सुरतला उधन्यात वीस वर्षं आमची भिंतीला भिंत.

१२ डिसेंबर २०२३, मंगळवार. इच्छापोरच्या पुढे, तापीच्या काठाला एका पोलाद कारखान्याची वसाहत आहे. फाटकाशी नवी भिंत बांधलेली. तिच्यावर वसाहतीचा नकाशा आणि इतिहास रंगवायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उद्घाटन. हिलाल दुपारीच शिडी-ब्रश घेऊन गेला. नदीचं वळण, धक्का, भट्ट्या, शाळा, क्वार्टर्स... रात्री एकपर्यंत नकाशा झाला. उरली इतिहासाची पहिली ओळ. साहेबांनी गुजरातीत लिहून दिलेली: ‘पहेलां अहीं कशुं नहोतुं.’ आधी इथं काहीच नव्हतं.

काहीच नव्हतं! अरे, माछीमारांचं अख्खं गाव होतं तिथं. वेलापोर. कारखान्याचा पाया खोदायला आम्ही मजूर गेलो तेव्हा चुलींतली राख गरम होती. सगळे गेले, एक म्हातारी उठली नाही. संध्याकाळी भरावाचे ट्रक आले. सकाळी म्हातारी दिसली नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मीही नाही. फावडं माझ्याही हातात होतं, चैताली. म्हणून तर डोकं फिरतं.

तर हिलालनं ती ओळ लिहिली. दोन वाजून वीस मिनिटं झालेली. नदीला भरती चढत होती. मागून बाईचा आवाज आला, "काय लिहिलंस?"

त्याला वाटलं, झाडूवाली असेल. मान न वळवता त्यानं वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच."

त्यानं वाचलं.

"पुन्हा."

आवाज चढला नव्हता. पण हिलालचा हात थांबला. फाटकावरचा मोठा दिवा त्याच्या पाठीमागे होता, भिंतीवर त्याची सावली लख्ख पडलेली. फक्त त्याची.

आता मागे पुष्कळ माणसं उभी होती. पदर सळसळत होते. पोरं चुळबुळत होती. कुणीतरी खोकलं...

भिंतीवर सावली एकच.

"मावशी," तो कसाबसा बोलला, "मना काय दोष?"



मग त्याच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. काळा, सुरकुतलेला. बोट नकाशावर फिरलं. धक्का... भट्टी... शाळा. नदीच्या वळणावर थांबलं.

"माझं घर कुठंय?"

हिलालच्या बापाचं गाव ह्याच तापीच्या धरणात गेलं. बाप मरेपर्यंत पाण्याकडे बोट दाखवून हेच विचारायचा. हिलालची भीती तिथं सरली, म्हणाला मला. अंगाची आग आग झाली. त्यानं ब्रश पांढऱ्यात बुडवला, ती ओळ पुसली आणि नदीच्या वळणावर लिहिलं: वेलापोर. हातभर अक्षरांत.



वळून पाहिलं तर कुणी नाही.

सकाळी साहेब ओरडला, "कुणी सांगितलं हे? पूस!"

"जमणार नाही," हिलाल म्हणाला. "गाव होतं. तुम्ही पुसा." शिडी खांद्यावर टाकून चालता झाला.

दुसऱ्या पेंटरनं नाव झाकलं. दोन दिवसांत पुन्हा वर आलं. तीनदा झाकलं, तीनदा आलं. शेवटी मार्चमध्ये साहेबानं तेवढा तुकडाच फोडायला लावला. फोडायला मी होतो.

प्लास्टर निघालं. वीट फुटली. भट्टीत भाजलेली, नवी कोरी वीट. आत माशाचे खवले होते. मूठभर.

मी एक उचलला. डोक्यावर ऊन भाजत होतं...

खवला ओला होता.