मैद्यातले गुडघे

खोटं वाटलं तर वाटू दे. मी कुणाला घाबरवायला बसलेली नाही. आता मनात ठेववत नाही, म्हणून सांगते.

गेल्या वर्षीचा मे महिना. शुक्रवार. सकाळचे आठ. अमेरिकेत, ओहायोतलं आमचं ट्रेलर पार्क, म्हणजे चाकांवरच्या घरांची वस्ती.

हो, सकाळचेच आठ. लख्ख ऊन पडलेलं. भुतं रात्रीच निघतात असं ज्याने पसरवलंय ना, त्याला मला एकदा भेटायचंय.

शेजारचा ट्रेलर नेड्राचा. म्हणजे, होता. सत्तरी उलटलेली एकटी म्हातारी. गुडघ्यांना सदानकदा कसलंसं मलम चोळायची, लांबूनच वास यायचा. तरी पायरीपाशी गुडघे टेकून बसायची आणि भटक्या मांजरांच्या पिल्लांना ड्रॉपरने दूध पाजायची.

घाण होते म्हणून लोकांनी तक्रार केली. मॅनेजरने तिला बाहेर काढलं. ती वृद्धाश्रमात गेली, आणि फेब्रुवारीत तिथेच वारली.

त्या तक्रारीवर अकरा सह्या होत्या.

सातवी माझी.

तर त्या शुक्रवारी मी कचरा टाकायला निघाले आणि आवाज आला...

बारीक. अगदी बारीक.

नेड्राच्या पायरीखाली पाच पिल्लं. डोळे मिटलेले. पोटाला नाळेचा तुकडा तसाच. आईचा पत्ता नाही.

मी भटकी जनावरं सांभाळणाऱ्या संस्थांना फोन लावत बसले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, जागा नाही. दुसऱ्या ठिकाणची बाई म्हणाली, "मे महिना आहे हो, पिल्लांचा मोसम! नाव लिहून ठेवते. तीन आठवड्यांनी फोन करा."

"तीन आठवड्यांनी काय, पुरायला येणार का?"

तिने फोन आपटला.

तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी भेटली. ती म्हणाली, "हलवू नका त्यांना. आई खायला शोधायला गेली असेल. पिल्लांभोवती गोल मैदा पसरा. ती येऊन गेली तर पंजे उमटतील. चार तासांनी बघा. नाहीच आली, तर मार्सीला फोन करा." मार्सी म्हणजे शेजारच्या गावातली बाई. अशी पिल्लं घरी ठेवून बाटलीने वाढवायची. मी नंबर लिहून घेतला आणि मैदा पसरला.

दुपारी बाराला जाऊन पाहिलं.

मैदा जसाच्या तसा. एकही पंजा नाही.

म्हणजे आई आलेली नव्हती.

मग मी पिल्लांकडे पाहिलं...

पोटं टम्म. अंगं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. पाचही गाढ झोपलेली. एकाच्या ओठावर दुधाचा थेंब, अजून ओला.

तेवढ्यात माझा नवरा, ड्वेन, जेवायला आला.

"काय गं, मैदा सांडलास? आता केक जमिनीवर करायला लागलीस?"

"गप रे. यांची आई, ती करडी मांजर, येते का बघतेय."

"कुठली करडी? तिला मॅनेजरने बुधवारीच पिंजऱ्यात घालून नेलं. माझ्या डोळ्यांदेखत."

बुधवारी. आज शुक्रवार.

"मग यांना दूध कोण पाजतंय?"

"तुझी मैत्रीण," तो रिकाम्या ट्रेलरकडे बोट दाखवून हसला. मग हसायचा थांबला. नाक वर करून म्हणाला, "मलमाचा वास येतोय का गं?"

येत होता.

तीन वाजता मी परत गेले. एकटीच.

या वेळी मैद्यात ठसे होते...

पंज्यांचे नाही.

दोन गुडघे. पिल्लांच्या अगदी समोर, नीट टेकलेले. आणि येतानाजातानाचं एकही पाऊल नाही.

खरं तर तिथेच थांबायचं होतं मी. पिल्लं धडधाकट होती. जो कुणी पाजत होता, तो माझ्यापेक्षा बरं पाजत होता. पण माझी पाचावर धारण बसली. मी मार्सीला फोन केला. ती म्हणाली, आण.

मी पिल्लं खोक्यात भरली. उचलणार, तोच कुलूप लावलेल्या ट्रेलरच्या आत फळ्या वाजल्या...

कुणीतरी लंगडत, घाईघाईने दाराशी आलं.

मी मागे पाहिलं नाही. गाडी काढली आणि चाळीस मिनिटांवरच्या मार्सीच्या घरी खोकं देऊन आले.

शनिवारी सकाळी मार्सीचा फोन.

"रोंडा, खरं सांग, यांना आधी कोण पाजत होतं? बाटली लावली की मान फिरवतात. दोन गेली."

"शेजारची... एक म्हातारी."

"मग बोलाव ना तिला! काही बायकांचा हातच तसा असतो. आजच्या आज पाठव, नाहीतर ही तिन्हीही जातील."

मी "बघते" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बारा वाजता पायरीपाशी गेले. ड्वेन खिडकीतून बघत होता. बघू दे. मी गुडघे टेकले. जन्मात कधी तिला अहोजाहो केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं.

"नेड्राबाई, चुकलं माझं. सहीसुद्धा चुकली. पिल्लं मार्सीकडे आहेत. चर्चच्या मागचं पिवळं घर. तीनच उरलीत. जा हो तुम्ही."

काही नाही. फळी वाजली नाही. पान हललं नाही.

मग लक्षात आलं...

मलमाचा वास गेला होता.

संध्याकाळी पाचला मार्सीचा फोन आला. रडत होती.

"गेली गं सगळी. शेवटचं चार वाजता गेलं. आणि त्यात दोनपासून कुणीतरी दार वाजवत होतं. मेलं थांबेचना! माझ्या हातात पिल्लू, उठू कशी? खिडकीतून पाहिलं तर चिटपाखरू नाही."

"उघडलं नाहीस?"

"कुणी नव्हतंच, तर कुणाला उघडू? आणि वाजवणं तरी कसलं ते... दाराच्या अगदी खालच्या बाजूला. गुडघ्यावर बसून वाजवावं तसं. चार वाजले आणि थांबलं."

पत्ता मी दिला होता. पण मार्सीला एक फोन करून "दार उघडं ठेव" एवढं सांगितलं नव्हतं. वेडी म्हणेल, हसेल, म्हणून. मला कुणी हसू नये म्हणून तीन जीव गेले.

वर्ष झालं. शेजारचा ट्रेलर गप्प आहे. परत ना वास, ना आवाज. मी रोज कान देऊन ऐकते.

पण हे सगळं परवडलं. त्या फोनवर शेवटी मार्सी नाक पुसत म्हणाली, "आणि तुझी ती शेजारीण? आली नाहीच ना शेवटी! कसली दगडाच्या काळजाची माणसं असतात गं."

आणि मी म्हटलं, "हो ना."