प्राप्तीच्या कपड्यांवर बसलेली कोंबडी

“अहो, आमची कोंबडी आत आली हाय का?”

खिडकीत एक रापलेला चेहरा होता. केसांत काथ्याचे दोन-तीन धागे... आणि हसू असं, की प्राप्तीच्या हातातला मोबाइल आपोआप खाली गेला.

“कोंबडी? माझ्या घरात?”

घरात होता तो कपड्यांचा ढीग. धुतलेले, वाळलेले, घडी न घातलेले. त्याच्या टोकावर चढलं की मांडव्याची बोट दिसते, असं अख्खं नागाव शपथेवर सांगायचं. अलिबागच्या शाळेच्या ऑफिसातून थकून आलं, की प्राप्तीचं ठरलेलं असे – उद्या!

ढिगातून आवाज आला. “कुक्!”

अल्पेश आत आला. शेजारच्या सगुणाकाकींचा हा भाचा. नारळाचा टेम्पो चालवायला चार महिने आला होता. त्यानं वरची ओढणी अलगद उचलली. खाली खुडूक कोंबडी आणि तिच्या पोटाखाली नऊ अंडी.

“नऊ दिवस येऊन अंडी घालत होती, अन् तुम्हाला पत्ता न्हाय?”

“मी... दुसऱ्या बाजूनं कपडे काढते.”

तो खो खो हसला. “आता हलवायची न्हाय हिला. उठवली तर परत बसायची न्हाय. एकवीस दिवस मी येतो दाणापाणी घेऊन. चालंल?”

चालेल काय! प्राप्तीनं मनातल्या मनात कोंबडीचे आभार मानले. मग मोरीकडं नजर गेली आणि तिचे कान लाल झाले. चहा टाकायचा, तर धुतलेला एक कप नव्हता.

अल्पेश मोरीकडं वळला. दोन कप घासले, बस्स.

“दोनच?”

“चहा दोघांनाच प्यायचाय ना?”

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आत तिनं दोन कप घासले. हात ओला झालाच होता, म्हणून चार ताटल्याही. आठवड्यात मोरीचा तळ दिसला. पंधराव्या दिवशी, कोंबडीखालचा ढीग सोडला तर, घर असं लखलखलं, की दारावरून जाणारी भागुबाई आत डोकावून भांग नीट करून गेली.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. अल्पेशनं ती कोंबडीसकट टोपलीत भरली आणि दारात घुटमळला.

“सोमवारपासनं उरणला जातोय... कंटेनरच्या ट्रकवर. परत कधी येणं होईल, काय सांगू?”

प्राप्तीच्या मनात आलं, रविवारी फोन करून सांगू... निवांत, नीट शब्द जुळवून... छे!

“थांब! आत्ताच बोलते, नाहीतर राहून जाईल. तू मला आवडतोस. आणि... आईनं, ताईनं, सगळ्यांनी मला आळशी म्हटलं. तू एकदाही म्हणाला नाहीस. त्याबद्दल कसे आभार मानू, तेच कळत नाही रे.”

अल्पेशनं टोपली खाली ठेवली.

“मी कुठल्या तोंडानं म्हणणार? उरणचं बोलावणं पंधरा दिवसांमागं आलंय. रोज ठरवतो, आज तुला इचारू, मग जाऊ... अन् रोज नुसता चहा पिऊन परत!”

“मग विचार की आता.”

“लगीन करशील?”

तिनं होकारार्थी मान डोलावली. डोळे भरून आले होते, तरी हसू काही आवरेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडून सगुणाकाकींची हाक आली, “अल्पेश, मेल्या, आणतोस का पिल्लं?”

“आलोच गं मावशे, पाच मिन्टांत!” असं ओरडून त्यानं प्राप्तीचा हात हातात घेतला आणि पायरीवर बसला.

त्या पाच मिनिटांत समोरच्या केळीला घड लागून पिकलासुद्धा, असं नागावात अजून सांगतात.