शेवटची दहा पानं

तुम्हाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात, एका शनिवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.

अंधार नव्हता. वीज गेली नव्हती. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं आणि गॅसवर चहा उकळत होता.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

मावशी अडुसष्ट वर्षांची. लग्न केलं नाही, दोन खोल्यांत एकटी राहते, आणि कुणाचं ऐकून घेण्याची तिला सवय नाही. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, बोर्डावर दिवे. दिवा लागला की प्लग खुपसायचा आणि विचारायचं, "नंबर प्लीज?" तिचा आवाज अजून तसाच आहे. भाजीवालासुद्धा दचकतो.

तिला नाद एकच, रहस्यकथांचा. त्यातही तिच्या तरुणपणाच्या काळात घडणाऱ्या, पण हल्लीच्या लेखकांनी लिहिलेल्या.

"ज्या रस्त्यांवरून मी स्वतः चालले, तिथला खून वाचायला मजा येते गं," ती म्हणायची. "खुनी आपल्या शेजारून गेला असेल असं वाटतं."

खरी मजा मात्र वेगळीच होती. लेखकाच्या चुका काढायच्या. मावशी पेन्सिल घेऊनच वाचायला बसायची. "ट्रंक कॉल पाच मिनिटांत लागला म्हणे. पाच मिनिटांत आमच्याकडे चहा मिळत नव्हता." असं म्हणून समासात ठसठशीत लिहायची, 'चूक.' दर शनिवारी मी तिला वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचे, आणि ग्रंथपाल मला टोमणा मारायचे, "तुमच्या मावशी पुस्तकं वाचतात की तपासतात?"

त्या शनिवारी मी नेलेलं पुस्तक तपकिरी पुठ्ठ्याचं होतं. लेखकाचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पण कथा टेलिफोन एक्स्चेंजमधली होती, आणि साल मावशीच्या नोकरीतलं. मला वाटलं, खूश होईल.

झालीही. सकाळी पुस्तक दिलं आणि दुपारी बाराला तिचा फोन आला.

"अगं, शंभर पानं झाली, एक चूक नाही. हेडफोनने अंबाडा कसा दुखायचा, तेसुद्धा लिहिलंय. सात नंबरचं स्टूल डुगडुगायचं म्हणून आम्ही पायाखाली कागदाची घडी ठेवायचो, तेही आहे."

ती हसत होती.

मग हसणं थांबलं.

"हे... हे बाहेरच्या माणसाला कसं माहीत?"

आणि फोन ठेवला.

पुढचं मला नंतर कळलं, तिच्याच तोंडून.

पुढच्या पानावर लाकडाच्या वखारीला आग लागली होती. वखारीचा रखवालदार फोन उचलून अग्निशमन दल मागत होता. एक्स्चेंजमध्ये सात नंबरच्या बोर्डावर त्याचा दिवा लागला होता. अकरा मिनिटं लागलेलाच राहिला. कारण सातवरची ऑपरेटर मांडीवर पुस्तक ठेवून रहस्यकथा वाचत होती. वखारीत दोन माणसं गेली. 'सातवरच्या त्या बारीक मुलीला कामावरून काढून टाकण्यात आलं,' असं पुस्तकात छापलं होतं.

त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

'चूक. सातवर मी नव्हते.'

मावशीचं अक्षर गोल आणि ठसठशीत. हे बारीक होतं, तिरपं.

मावशीने ते ओळखलं. बेचाळीस वर्षांनी ओळखलं.

ते टाचणीचं अक्षर होतं.

टाचणी म्हणजे मावशीची मैत्रीण. इतकी बारीक आणि बोलायला इतकी टोकदार की सगळ्या तिला टाचणीच म्हणायच्या. सात नंबर तिचा, चार नंबर मावशीचा. एक्स्चेंजमध्ये एक पद्धत होती. कुणाला बरं वाटेनासं झालं तर ती शेजारणीला सांगून आत पडायला जायची आणि दुसरी तिचा बोर्ड सांभाळायची. रजिस्टरमध्ये त्याची नोंद कुणी करत नसे.

त्या दिवशी टाचणीची दाढ ठणकत होती. दुपार सुस्त होती. जाताना तिने मावशीला स्वतःची रहस्यकथा दिली.

"वाचत बस. पण शेवट सांगू नकोस हं. माझी शेवटची दहा पानं राहिलीत."

मावशीकडे ते पुस्तक आधी येऊन गेलेलं होतं. तिचीही नेमकी तेवढीच पानं राहिली होती. ती सातवर बसली आणि वाचू लागली.

तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी दोघींना समोर उभं केलं. सातवर कोण होतं? टाचणी म्हणाली, "मी आत होते, ही होती." मावशी म्हणाली, "मी माझ्या चारवर होते."

एवढंच. एक वाक्य. रजिस्टरमध्ये सातपुढे टाचणीचं नाव होतं.

टाचणी एकदा मावशीच्या दारात आली होती. भांडायला नाही. म्हणाली, "निदान माझं पुस्तक तरी दे." मावशीने ते कधीच बंबात घातलं होतं. "माझ्याकडे कुठलं पुस्तक?" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

वर्षभरात टाचणी गेली. कशाने, ते मावशीने विचारलं नाही.

तर त्या शनिवारी मावशीने काय करावं? तिने खोडरबर घेतलं आणि ते तिरपं अक्षर पुसून टाकलं. पुन्हा वाचायला बसली. शेवट कळल्याशिवाय पुस्तक सोडायचं नाही, हा तिचा हट्ट.

मी तीनच्या सुमारास पोचले. चहा टाकला. मावशी खुर्चीत पुस्तक उघडून बसली होती.

"यात शेवटची पानं कोरी आहेत," ती म्हणाली.

मी पाहिलं. कोरी नव्हती. छापलेली होती, दहाच्या दहा.

"काहीतरीच काय मावशी? चष्मा बदल."

"मग तू वाच."

मी मोठ्याने वाचायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात तीन दहा झाले होते.

पहिल्याच ओळीला मावशीने कान झाकले.

"वाच ना गं."

"वाचतेय की."

"तुझे ओठ हलतायत... आवाज येत नाहीये."

मला वाटलं चेष्टा करतेय. मी आणखी मोठ्याने वाचलं. तिचा चेहरा पांढरा पडत चालला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होती.

"घर्र वाजतंय," ती म्हणाली. "बोर्डाची घरघर. बंद कर ती."

घरात काहीही वाजत नव्हतं.

मग तिचा उजवा हात उचलला गेला. चिमटीत काहीतरी धरल्यासारखा. भिंतीवर एका ठिकाणी ती ते खुपसायला बघत होती... पुन्हा पुन्हा... आणि लागत नव्हतं.

"नंबर प्लीज," ती म्हणत होती. "नंबर प्लीज. नंबर प्लीज."

तीन एकवीसला हात खाली पडला. चहा आटून पातेलं करपलं होतं. मी अकरा मिनिटं तिथे नुसती उभी होते, याची मला अजून लाज वाटते.

त्या संध्याकाळी तिने मला सगळं सांगितलं. मी तिच्यावर चिडले. मावशी असली म्हणून काय झालं? टाचणीच्या घरच्यांना सांग म्हणाले. त्यांच्यातलं आता कुणी उरलं नव्हतं, एवढी चौकशी तिने केलेली होती.

मग तिने पेन्सिल घेतली आणि त्या ओळीपुढे, आपल्या गोल अक्षरात, लिहिलं, 'चूक. सातवर मी होते.' लिहिताना रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं.

सकाळी त्याखाली तिरप्या अक्षरात एक ओळ होती.

'आता माझ्या पुस्तकाचा शेवट सांग.'

मावशीला तो शेवट आठवत नाही.

बाकी सगळं आठवतं. लॉजमधला खून, तिथे उतरलेली चौदा माणसं, डॉक्टर, शिंपी, आजारी मेव्हणा, सगळे. पण ती दहा पानं आठवायला गेली की तिला फक्त लागलेला दिवा दिसतो. तो तिने त्या दिवशी पाहिला होता, हेही तिने मला तेव्हाच सांगितलं. दिसत होता. एवढं पान होऊ दे, म्हणून थांबली होती.

मी सात महिने जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळली. शेवटी एक प्रत मिळाली, वाळवी लागलेली. शेवट शाबूत होता. मी धावत मावशीकडे नेली.

तिला ती दहा पानंही कोरी दिसली. मी वाचून दाखवलं, नुसतं खुन्याचं नाव सांगितलं, तरी तिच्या कानात घरघर सुरू झाली. आता तिला कुठल्याच रहस्यकथेचा शेवट दिसत नाही. आयुष्यभर ज्याच्यावर जगली, तेच गेलं.

म्हणून मीच त्या तपकिरी पुस्तकात खुन्याचं नाव लिहिलं. म्हटलं, उत्तर मिळाल्याशी कारण.

दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं होतं. पानावर रबराचा चुरा पडला होता. शेजारी लिहिलं होतं, 'तुला विचारलेलं नाही.'

तेव्हापासून मावशी दर शनिवारी, तीन दहाला, अंदाजाने एक नाव लिहिते. चौदा माणसं आहेत, कधीतरी बरोबर येईल, असा तिचा हिशोब. मग सुटेन म्हणते. पहिल्यांदा डॉक्टर लिहिला. रविवारी पुसलेला. शिंपी लिहिला. पुसलेला. असे पाच झाले.

गेल्या शनिवारी तिने सहावं नाव लिहिलं. मी मागे उभी होते.

ते बरोबर होतं.

कुणाचं, ते मी इथेही लिहीत नाही. हिंमत होत नाही. मी रात्रभर जागी होते. सकाळी मावशी उठायच्या आत तिच्या घरी गेले आणि पुस्तक उघडलं.

पान स्वच्छ होतं. रबराचा चुरा अजून कागदावर होता.

मावशी आतून आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हाही नाही ना?" ती म्हणाली. "असू दे. अजून आठ जण आहेत."

मी हो म्हणाले.