गोणपाटाची रेघ

उद्या पहाटे तुम्ही पोरं पिकअप काढून बुदैयाच्या रस्त्याला कोल्हे बघायला जाणार म्हणे. जा. तुम्हाला अडवणारा मी कोण? आखातातल्या या बेटावर, सित्र्याला, पंधरा वर्षं कंपनीची बस हाकलेला म्हातारा. फक्त उजाडायच्या आत त्या ढिगाऱ्यांमध्ये शिरू नका. का, ते सांगतो. तो रेडिओ बंद कर आधी. हे ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे.

महादेव मूळचा माथेरानचा, घोडेवाल्याचा मुलगा. इथे एका इंग्रज साहेबाच्या तबेल्यात मोतद्दार म्हणून आला. साहेबाची जिंजर नावाची तांबूस पोनी होती. पोनी म्हटल्यावर टांग्याचं मरतुकडं तट्टू डोळ्यांपुढे आणू नका. नुसती आग होती ती. खुद्द साहेबाला तिनं दोनदा वाळू चारली होती. ऐकायची फक्त महादेवचं, आणि तेच बिचाऱ्याच्या मुळावर आलं. तीन वर्षांत दोनदा रजा मंजूर झाली, दोनदा रद्द झाली. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात. "तुम जाएगा तो जिंजर को कौन देखेगा?" म्हणायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. तिकडे घरी मुलगी जन्मली, चालायला लागली, बोलायला लागली. बाप तिला फोटोतलाच ठाऊक.

१९८१ सालचा नोव्हेंबर. दिवाळी होऊन दहा दिवस झालेले, उकाडा सरलेला. त्या दिवसांत साहेब लोकांची कोल्ह्याची शिकार सुरू व्हायची. लाल कोट, शिंग, विलायती कुत्र्यांची पलटण, सगळा थाट. नसायचा तो फक्त कोल्हा. वाळवंटातला कोल्हा एकदा बिळात गेला की खलास. म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. पिंजऱ्यात पाळलेल्या कोल्ह्याच्या अंथरुणाचं गोणपाट दोरीनं घोड्यामागे बांधायचं आणि पहाटे एकानं ते वाळूतून फरफटत न्यायचं. सहा वाजता कुत्री त्या वासावर सोडायची. नियम एकच. आपण ओढलेली रेघ आपणच ओलांडायची नाही. ओलांडली की कुत्री फेऱ्यात सापडतात आणि शिकारीचा विचका होतो.

गुरुवारी संध्याकाळी साहेब म्हणाला, "अच्छा लंबा लाइन बनाओ. कल पासपोर्ट देगा."

महादेवला रात्रभर झोप नाही. शुक्रवारी, सहा तारखेला, पहाटे साडेचारला त्यानं जिंजरवर खोगीर चढवलं. तबेल्यात दुसरा मोतद्दार होता वली, मकरानचा. कंदील धरून उभा होता. म्हणाला, "भाई, टीलों के अंदर मत जाना. बाहर बाहर से निकल."

"लाइन लंबी चाहिए, वली. यल्ला, चल, लगाम छोड."

ते ढिगारे म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी. पुरुषभर उंच, एकाला एक लागून, नजर पोचेल तिथपर्यंत. चंद्र केव्हाच मावळला होता. सुरुवातीला सगळं झकास चाललं. मागे गोणपाट सरसरत होतं, जिंजर मान उडवत होती. मग डाव्या हाताला एक फुटका ढिगारा लागला. कुणीतरी दगड उपसून भगदाड पाडलेलं. जिंजर बिचकली. त्यानं तिला चुचकारून पुढे काढलं.

थोड्या वेळानं डाव्या हाताला पुन्हा फुटका ढिगारा. असतील दोन, असं म्हणून तो पुढे गेला.

तिसऱ्यांदा तो दिसला तेव्हा महादेवनं खाली पाहिलं. वाळूत गोणपाट ओढल्याची रुंद रेघ होती. त्याचीच. ती त्यानं ओलांडली होती.

ढिगाऱ्यांचं भय नंतरचं, आधी त्याला पासपोर्ट आठवला. मग त्यानं उत्तरेचा तारा समोर धरला आणि नाकासमोर निघाला. डावीकडे न बघता. उजवीकडे न बघता.

डाव्या हाताला भगदाड आलं.

खाली रेघा. एक... दोन... पाच. तो तर चारदाच आला होता.

चकवा. माथेरानच्या रानात चकवा लागला तर काय करायचं, हे बापानं शिकवलेलं होतं. चालायचं नाही. उजाडेपर्यंत जागेवर बसायचं. तो उतरला. लगाम मुठीत धरून बसला. जिंजर कधी क्षणभर उभी राहत नसे. ती दगडासारखी उभी होती.

आणि मागे आवाज आला.

सर्र... सर्र...

घोडी हलत नव्हती. मग गोणपाट कोण ओढतंय? त्यानं चाचपत खोगिराची दोरी धरली. ताणलेली होती. खिशातला चाकू काढून कापली. दोरी खाली पडली.

सर्र... सर्र...

ढिगाऱ्याला वळसा घालून आवाज लांब जायचा. पुन्हा यायचा. दर खेपेला जरा जवळून.

महादेव रडला. त्यात लाज कसली? "मला घरी जायचंय," तो म्हणाला. "पोरीला बघायचंय. बाकी काही नको."

आवाज थांबला.

अगदी पाठीशी...

तो वळला नाही. उजाडेपर्यंत वळला नाही.

सहाला शिंग वाजलं. रेघेवर नाक लावून कुत्री भुंकत आली. फुटक्या ढिगाऱ्यापाशी एकदम गप्प झाली. महादेवपासून वीस पावलांवर सगळी पोटावर बसली. साहेबानं चाबूक वाजवला, शिव्या घातल्या, पण एकही पुढे येईना. गोणपाट शोधलं, तेही मिळालं नाही. दोरीचा तुकडा तेवढा पडला होता.

साहेब तणतणत स्वतः जिंजरवर बसला. ती गायीसारखी चालू लागली. त्या दिवसापासून ती तशीच झाली. कुणीही बसावं, कुणीही शेपूट ओढावं. आता महादेववाचून साहेबाचं काहीच अडेना. चौथ्या दिवशी त्यानं आपण होऊन कपाट उघडलं.

मुहर्रकच्या विमानतळावर मीच त्याला सोडला. वाटेत हे सगळं त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, "सुटलास ना बाबा?" तो हसला. तीन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढचं मला त्याच्या बायकोनं, सत्यवतीनं सांगितलं. मी सुट्टीत त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा. तो आला त्या सकाळी तिनं अंगण नुकतंच झाडलेलं. माथेरान गावात मोटार जात नाही, म्हणून तो दस्तुरीच्या नाक्यावर उतरून तांबड्या मातीच्या वाटेनं चालत आला. बॅग खांद्यावर. पोरीला उचलून घेतलं. सत्यवती हसत पुढे आली आणि थबकली.

"अहो, एवढं काय ओढत आणलंत?"

"कुठं काय? बॅग तर खांद्यावर आहे."

तिनं बोट दाखवलं. तांबड्या धुळीत गोणपाटाएवढी रुंद रेघ होती. वाटेवरून आलेली, फाटकातून आत शिरलेली, थेट त्याच्या टाचांपर्यंत.

आणि खालच्या वळणावरून गावातली कुत्री येत होती. एकामागे एक. रेघेवर नाक लावून. भुंकत नव्हती...

फाटकापाशी आली, आणि सगळी पोटावर बसली.